कमरेवरचा हात रिकामा नसतो हो

गेले काही दिवस कराटेवाल्यांच्या ग्रुपांवर एक रील फिरतंय, आमच्या क्लासच्या पालकांनीच मला तीनदा पाठवलं. म्हणणं असं की एका हाताने पंच मारताना दुसरी मूठ कमरेला खेचायची, म्हणजे हिकिते, हा शुद्ध वेडेपणा आहे, थोबाड उघडं पडतं, ताकद वाढत नाही, रिंगमध्ये कुणी करत नाही आणि शंभर वर्षं कुणाची बदलायची हिंमत झाली नाही, तेव्हा काढून टाका.

थोबाड उघडं पडतं? पडतं ना, हात रिकामा असेल तर. पण तो रिकामा नसतोच मुळी! कुणाला तरी समोर उभं करा, त्याला उजव्या हाताने तुमचं डावं मनगट धरू द्या. आता मनगट फिरवून त्याचंच मनगट पकडा आणि पिळत पिळत कमरेला आणा. तो पुढच्या पायावर येतो, हनुवटी पुढे येते, उजवा खांदा ओढला गेल्यामुळे डावा हात आपोआप लांब जातो, आणि तुमची उजवी मूठ तोवर वाटेत असते. कमरेला पोचताना मूठ उलटी का फिरवायची हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता, उत्तर त्या पिळण्यात होतं. ज्युदोवाले तोल घालवण्याला कुझुशी म्हणतात, हा तोच प्रकार.

ताकदीचं म्हणाल तर रीलवाला अर्धा बरोबर आहे. 'जेवढा हात मागे तेवढा पंच पुढे, न्यूटनचा नियम' हे मलाही लहानपणी सांगितलं होतं आणि ते काही खरं नाही, हात गालाशी ठेवून बॉक्सर काय कमी जोरात मारतो का? पण सरांनी कारण चुकीचं सांगितलं म्हणून टेक्निकच चुकीचं असं कसं होईल.

रिंगचा मुद्दा तर गंमतच आहे राव. बॉक्सरच्या हातात ग्लोव्ह, त्याने मनगट धरायचं कशाने? आणि धरून मारलं तर फाऊल. तिथे दुसऱ्या हाताला गालाशी राहण्यावाचून काम काय? मीही स्पारिंगला हात वरच ठेवतो.

आणि कुणी बदललं नाही म्हणे! कराटे जिथलं, त्या जपानच्या ओकिनावा बेटावर जुने गुरू इतोसु यांनी शाळेतल्या पोरांसाठी पिनान नावाचे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, बसवले, 1908 च्या पत्रात प्रत्येक हालचाल कधी, कशी वापरायची ते समजून घ्या असंही लिहिलं. त्यांचे शिष्य फुनाकोशी 1922 ला टोकियोला गेले, पुढे त्याच कातांची नावं हेइआन केली. 1882 ला ज्युदोची कोदोकान ही शाळा काढणाऱ्या कानोंनी तर ठोसे-लाथा रांदोरीतून, म्हणजे जोडीदाराशी मोकळ्या झुंजीच्या सरावातून, काढल्या पण कातात ठेवल्या, का काढतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. मला वाटतं शाळेच्या मैदानात रांगेने करताना जोडीदार गेला, पकड गेली, नुसता कमरेवरचा हात तेवढा उरला.

आता मी पोरांच्या खेचायच्या मुठीत जुन्या बेल्टचं एक टोक देतो, दुसरं जोडीदाराच्या मनगटाला गुंडाळायचं. परवा एक नऊ वर्षांची पोरगी ओढता ओढता म्हणाली, सर, हा तर स्वतःच माझ्या मुठीवर येतोय.