जुन्या मोटारीच्या दाराचे कुलूप फवाऱ्याने बरे होत नाही

जुन्या मोटारी जपणाऱ्या लोकांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो आणि प्रत्येक जण तो पुढच्याला खात्रीचा उपाय म्हणून देतो. त्याचा आशय थोडक्यात असा आहे : दाराचे कुलूप अडू लागले तर डब्ल्यूडी-४० या गंज सोडवणाऱ्या द्रवाचा फवारा मारा, तरी चावी फिरली नाही तर जुन्या चावीवरून नवी काढा, तेही साधले नाही तर कुलपातल्या दोन-तीन पितळी पट्ट्या घासा किंवा काढून टाका, चावी आत तुटली तर काडीच्या टोकाला सुपरग्लू लावून तुकडा ओढून काढा, आणि एवढे करूनही दार उघडत नसेल तर कुलूप संपले असे समजून बाजारात मिळणारा नवा संच बसवा. या संदेशाच्या नादाने दुरुस्त होण्याजोगी अनेक अस्सल कुलपे भंगारात जातात. माझा मुख्य आक्षेप असा की, कुलपाचे नेमके कोणते काम थांबले आहे, हा पहिला प्रश्न या संदेशात कुठेही विचारलेला नाही.

कुलूप आतून कसे चालते, ते आधी पाहिले पाहिजे. बहुतेक जुन्या मोटारींच्या दारात वेफर पद्धतीचे कुलूप असते. चावी ज्या दंडगोलात शिरते त्याला प्लग म्हणतात आणि तो एका स्थिर बॅरलमध्ये फिरतो. प्लगमध्ये आडव्या खाचा असून प्रत्येक खाचेत एक पातळ पितळी पट्टी, म्हणजे वेफर, आणि तिला बाहेर ढकलणारी एक नाजूक स्प्रिंग असते. चावी नसताना वेफरची टोके प्लगबाहेर येऊन बॅरलच्या खोबणीत अडकतात. वेफरच्या मधोमध असलेल्या चौकटीतून चावी पुढे सरकते, तेव्हा तिच्यावरच्या खाचांच्या उंची-खोलीनुसार प्रत्येक वेफर आत ओढला जातो. सगळे वेफर प्लगच्या पृष्ठभागाशी सपाट आले की प्लग फिरतो, आणि त्याच्या मागच्या टोकाची पट्टी एका सळईमार्फत लॅचला, म्हणजे दार बंद धरून ठेवणाऱ्या यंत्रणेला, हलवते. जनरल मोटर्सने १९३५ पासून वापरलेली साइडबारची रचना थोडी वेगळी आहे. तिथे वेफर स्वतः बॅरलमध्ये अडकत नाहीत. त्यांच्या कडेच्या खाचा एका रेषेत आल्या की एक लांब दांडी, म्हणजे साइडबार, प्लगमध्ये बसते आणि मगच प्लग मोकळा होतो.

संदेशातले शेवटचे विधान मी सर्वांत आधी घेतो, कारण बाकीच्या चुका त्यातूनच निघतात. दार उघडत नाही म्हणजे कुलूप गेले, हे गृहीतकच चूक आहे. चावी आत न जाणे, आत जाऊन न फिरणे, आणि फिरूनही दारावर काही परिणाम न होणे, या तीन स्वतंत्र तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही स्वतंत्र आहेत. तिसऱ्या तक्रारीत बॅरल आणि वेफर बहुधा निर्दोष असतात. सळईला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप ठिसूळ होऊन तुटलेली असते, सळई वाकलेली असते, किंवा लॅचमधले ग्रीस इतक्या वर्षांत मेणासारखे घट्ट झालेले असते. दाराच्या आतले कुलपाचे बटणही हाताला तितकेच जड लागत असेल, तर दोष लॅचकडे आहे असे समजावे आणि चावीच्या छिद्राला हात लावू नये.

याची एक परीक्षा साधी असूनही फार कमी लोक ती करतात. दार उघडे ठेवून लॅचचा आकडा स्क्रूड्रायव्हरने दाबावा, म्हणजे तो बंद दाराच्या स्थितीत जाईल, आणि मग चावी दोन्ही दिशांना फिरवून पाहावी. त्यानंतर हँडल ओढून आकडा न चुकता मोकळा करावा, नाहीतर दार लावताना तो चौकटीवरच्या स्ट्राइकरवर, म्हणजे ज्या खुंटीला तो एरवी पकडतो तिच्यावर, आदळतो. उघड्या दारात सगळे सुरळीत चालले आणि दार लावल्यावरच अडले, तर बिजागऱ्या झिजून दार खाली बसले आहे, स्ट्राइकर सरकला आहे, किंवा नव्याने बसवलेले रबर जास्त जाड असल्यामुळे दार पूर्ण आत जात नाही. अशा वेळी कुलपात काहीही ओतले तरी त्याचा उपयोग होणार नाही.

आता फवाऱ्याकडे वळू. डब्ल्यूडी-४० हे उत्पादन १९५३ मध्ये सॅन डिएगोतील रॉकेट केमिकल कंपनीने ओलावा दूर सारण्यासाठी तयार केले, आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्रांच्या बाह्य पृष्ठभागाला गंजापासून वाचवणे हा त्याचा एक आरंभीचा उपयोग होता. त्यात विद्रावकाचा भाग मोठा आणि हलक्या तेलाचा भाग लहान असतो. म्हणूनच फवारा मारल्यावर चावी लगेच सुटते आणि लोकांचा विश्वास बसतो. प्रत्यक्षात जुने ग्रीस विरघळून पातळ झालेले असते आणि धुळीसह वेफरच्या खाचांमध्ये उतरलेले असते. विद्रावक उडून गेला की मागे राहिलेली तेलकट साय नवी धूळ धरते, आणि काही आठवड्यांनी कुलूप पहिल्यापेक्षा जास्त अडते. फवारा पूर्णपणे निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. कित्येक वर्षे न उघडलेले कुलूप सोडवण्यासाठी आणि आतला मळ भरपूर फवाऱ्याने धुऊन बाहेर काढण्यासाठी तो चांगला आहे. मात्र धुतल्यानंतर कुलूप पूर्ण वाळू देऊन त्यात कोरडे पीटीएफई (टेफ्लॉन) वंगण घालावे लागते, आणि संदेशात नेमका हाच भाग गाळलेला आहे.

ग्रॅफाइटची भुकटी हा जुना आणि मान्य उपाय आहे, परंतु तेल मारलेल्या कुलपात ती टाकली तर तिची काळी लुकण होते आणि वेफर त्यात रुतून बसतात. ग्रॅफाइटमधून वीज वाहते. त्यामुळे ज्या इग्निशन कुलपाच्या मागे लगेच विजेचा स्विच आहे, तिथे ते घालू नये. यासोबत चावीच्या छिद्रावरची छोटी झडपही तपासावी. तिची स्प्रिंग तुटली की पाणी आणि धूळ थेट वेफरवर जातात, आणि मग कितीही साफसफाई केली तरी ती टिकत नाही.

जुन्या चावीवरून नवी काढण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो अत्यंत स्वाभाविक वाटतो. अनेक मोटारींच्या कुलपात खाचेच्या खोलीच्या दोन लागोपाठच्या मापांमधला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. वर्षानुवर्षे वापरलेल्या चावीचे उंचवटे गोल होतात आणि त्या फरकाचा बराच भाग झिजेतच संपतो. नक्कल करणारे यंत्र ही झीज जशीच्या तशी नव्या चावीवर उतरवते, शिवाय यंत्राची स्वतःची थोडी चूक त्यात भर घालते. नकलेवरून काढलेली नक्कल आणखी लांब जाते. अशी कोरी चकचकीत चावी फिरली नाही की दोष कुलपाला दिला जातो आणि कानस बाहेर येते.

योग्य मार्ग म्हणजे चावी मूळ क्रमांकावरून कापून घेणे. हा क्रमांक अनेकदा गाडीवरच असतो. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत तो इग्निशन कुलपाच्या तोंडावर कोरलेला असतो. विल्मॉट ब्रीडन या ब्रिटिश कंपनीच्या कुलपांची ‘एफएस’ अक्षरांची मालिका अशा गाड्या जपणाऱ्यांच्या परिचयाची आहे. फोक्सवॅगन बीटलच्या अनेक वर्षांच्या गाड्यांत तो दाराच्या हँडलवर, हँडल काढल्यावर दिसेल अशा जागी सापडतो. जनरल मोटर्सच्या जुन्या चाव्यांवर तो एका लहान चकतीवर असे, आणि मालकाने ती ठोकून काढून वेगळी जपून ठेवावी अशी अपेक्षा होती. क्रमांक कुठेच मिळाला नाही, तरी कुलूप उघडून वेफर पाहता येतात. बहुतेक वेफरवर त्यांच्या खोलीचा आकडा उमटवलेला असतो, आणि ते आकडे ओळीने लिहून घेतले की चावीचा मूळ आराखडा हाती येतो. यासाठी चालकाच्या दाराचे कुलूप निवडू नये, कारण ते सर्वाधिक झिजलेले असते. शेजारच्या दाराचे कुलूप वापराअभावी गंजलेले असले तरी त्यातले वेफर बहुधा मूळ मापाचे राहिलेले असतात. तोच न्याय डिकीच्या कुलपालाही लागू आहे, मात्र त्याची चावी वेगळी नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

वेफर घासण्याचा किंवा काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्यांना कुलूप फिरल्याचे समाधान मिळते, हे मी नाकारत नाही. पण प्रत्येक वेफर काढला की त्या कुलपाला चालू शकणाऱ्या परक्या चाव्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते. घासलेला वेफर तर धड अडवतही नाही आणि धड सोडतही नाही. इग्निशन कुलपात याहून गंभीर धोका आहे. अर्धवट फिरलेल्या स्थितीत चावी बाहेर येऊ न देण्याचे काम वेफरच करतात. ते घासले की चालत्या गाडीत चावी निसटू शकते, आणि ज्या गाडीत स्टिअरिंगचे कुलूप आहे तिथे ही गोष्ट जिवावर बेतू शकते. इग्निशनची चावी फिरत नसेल तर आधी स्टिअरिंग हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहावे, कारण पुष्कळदा स्टिअरिंगच्या खिट्टीवर आलेला ताणच चावीला धरून ठेवतो.

घासण्याऐवजी काय करावे, हे कुलूप स्वतःच दाखवते. मागची क्लिप काढावी आणि चावी आत ठेवूनच प्लग बॅरलमधून ओढावा. चावी नसेल तर वेफर खोबणीत अडकतात. खाली पांढरे कापड पसरलेले असावे, कारण या स्प्रिंगा उडाल्या की सापडत नाहीत. आता प्लग डोळ्यांसमोर आडवा धरून उजेडाकडे पाहावे. बरोबर मापाच्या चावीने सगळे वेफर सपाट बसलेले दिसतात. एखादाच वेफर केसभर वर राहिला असेल तर त्यावर बोटाचे नख फिरवताच तो जाणवतो, आणि दोष तिथेच असतो. क्रमांकावरून कापलेल्या चावीनेही तो वर राहत असेल तर तो झिजला आहे किंवा त्याच्या खाचेत मळ बसला आहे. खाच साफ करावी, आणि गरज पडल्यास त्याच आकड्याचा नवा वेफर व नवी स्प्रिंग बसवावी. प्रत्येक वेफर बोटाने दाबल्यावर आत जाऊन आपोआप परत यायला हवा. साइडबारच्या कुलपात ही परीक्षा दांडीवरून करायची असते. योग्य चावीने ती प्लगमध्ये पूर्ण सपाट बसते.

सुपरग्लूच्या सल्ल्याला मोठ्या उत्तराची गरज नाही. पातळ गोंद तुटलेल्या तुकड्यापाशी थांबत नाही. तो वेफर आणि प्लग यांच्या फटीत ओढला जातो, आणि चांगले कुलूप कायमचे चिकटते. चावी बहुधा सर्वांत खोल खाचेपाशी तुटते आणि ती तुटली तेव्हा प्लग थोडा फिरलेला असू शकतो. तशा स्थितीत तुकडा कितीही ओढला तरी वेफर त्याला सोडत नाहीत. आधी बारीक चपट्या स्क्रूड्रायव्हरने प्लग चावी घालण्याच्या स्थितीत परत आणावा, कोरडे वंगण द्यावे, आणि टोकाला हूक असलेल्या पातळ पट्टीने तुकडा त्याच्या खाचांना धरून बाहेर सरकवावा.

राहता राहिला नवा संच. बॅरलचे जस्ताचे ओतकाम फुगले असेल किंवा चिरले असेल तर बदल करावाच लागतो, आणि त्यात कमीपणा नाही. तेव्हाही नव्या कुलपात जुन्या चावीच्या आकड्यांप्रमाणे वेफर लावता येतात. त्यामुळे दारांना आणि इग्निशनला मूळ एकच चावी असेल तर ती तशीच राहते, आणि गाडीच्या कागदपत्रांतला क्रमांकही निरर्थक होत नाही. जुळणी संपल्यावर दार लगेच लावू नये. लॅचचा आकडा दाबून बंद स्थितीत आणावा, चावीने आणि आतल्या बटणाने कुलूप पुन्हा पुन्हा लावून-उघडून पाहावे, हँडल ओढून आकडा मोकळा होतो याची खात्री करावी, आणि मगच दार लावावे. सळई चुकीची जोडली गेली असेल आणि दार बंद झाले, तर आतल्या पॅनेलचे काही स्क्रू अनेक गाड्यांत दार उघडल्याशिवाय हाती लागत नाहीत.