देव्हारा न पाहिलेल्या बाईकडून

'एक भाविक' या नावानं लिहिणाऱ्या वाचकांस,

गेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली नसती तर बरं झालं असतं. माझं म्हणणं एवढंच होतं की दूरदर्शनवर कीर्तन, प्रवचन, आरती चालते, खुशाल चालू दे. पण आठवड्यातला अर्धा तास देव न मानणाऱ्यांनाही द्या. त्यावर तुमचे चार आक्षेप: भावना दुखावतील, पैसा आमच्या कराचा आहे, नास्तिकता हे पाश्चात्त्य खूळ आहे, आणि श्रद्धाळूंना त्याच कार्यक्रमात उत्तर द्यायला मिळणार का. आणि शेवटी हे: "ज्या घरात कधी देव्हारा नव्हता, तिथल्या बाईनं रामायणावर बोलू नये."

आधी तुमचं बरोबर आहे ते. रामायण मालिका 'दोन-अडीच वर्षं' चालली असं मी लिहिलं होतं. ती २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ ला संपली, म्हणजे दीडच वर्ष. चूक माझी. लेखात दुरुस्त केली आहे.

आता देव्हारा. आमच्याकडे होता, लाकडी, आणि त्यातला बाळकृष्ण दर एकादशीच्या आदल्या दिवशी माझ्या हातात यायचा, चिंच लावून घासायला. त्याच्या तळहातावरचा लोण्याचा गोळा आधी आजीनं आणि मग मी घासून घासून इतका झिजवला होता की पाहुण्यांना तो हात रिकामाच वाटायचा. आजी म्हणायची, खाल्लं त्यानं. हे सगळं तुम्हाला कशाला सांगायचं, असं एकदा वाटलं. पण विषय तुम्ही काढलात.

आणि रामायण! रविवारी सकाळी साडेनऊच्या आत आजीची आंघोळ, टीव्हीला हळदकुंकू, समोर उदबत्ती. आख्ख्या आळीची चपलं दारात. आणि मी? मी दहा वर्षांची, घरात सगळ्यात हलकी, म्हणून कौलांवर, अँटेनाचा खांब धरून. खालून मामा ओरडायचा, "मुंग्या आल्या!" मी खांब थोडा फिरवायचे. "आलं, आलं, आता सोडू नकोस!" सोडू नकोस म्हणजे नकोसच. सीताहरणाचा भाग मी पाहिलेला नाही, कौलांतून ऐकला आहे. खाली बायका हुंदके देत होत्या आणि वर माझ्या हाताला मुंग्या येत होत्या, त्या खऱ्या. तर रामायणावर बोलायचा माझा हक्क किती, ते तुम्हीच ठरवा. नाहीतर राहू द्या, तुम्ही काही ठरवू नका.

कॉलेजात गेल्यावर माझा देवावरचा विश्वास उडाला. आजीला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नमस्कार करू नको, पण देव घासायला कोण येणार?" मी शेवटपर्यंत घासले. तिनं मला स्वयंपाकघरातूनसुद्धा बाहेर काढलं नाही. तुम्ही तर जो अर्धा तास अजून मिळालेलाच नाही, त्यातून काढायला निघालात.

बाकीचे आक्षेप आता पटापट उरकते. भावना दुखावण्याचं म्हणाल तर दूरदर्शनवरची 'तमस' मालिका दाखवू नका म्हणून १९८८ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. विषय फाळणीतल्या दंगलींचा होता, देवाचा नव्हे, माहीत आहे मला. तिथं न्यायालयानं न्या. विवियन बोस यांचा जुना निकष उचलून धरला: परिणाम बघायचा तो समंजस, खंबीर माणसावरचा, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्यावरचा नाही. मालिका दाखवली गेली. तुम्ही यांतले कोणते, ते मी विचारत नाही.

कराचं म्हणाल तर राज्यघटनेचं कलम २७ एकदा उघडा. एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी राखून ठेवलेला कर कुणालाही भरायला लावता येत नाही, असं ते सांगतं. याचा अर्थ आरती बंद करा असा होत नाही आणि मी तसं म्हटलेलंही नाही. पण कर मीही भरते, हे तुमच्या हिशेबातून सुटलं. पाश्चात्त्य खुळाबद्दल: देव न मानणारे चार्वाक कुठल्या विमानानं आले होते? वेद प्रमाण मानणाऱ्या पूर्वमीमांसा दर्शनाला जगाचा कर्ता ईश्वर लागत नाही, त्याचं काय करायचं? आणि देवाला रिटायर करा असं जाहीरपणे सांगणारे अभिनेते श्रीराम लागू तरी आपलेच ना?

दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा १९९० चा कायदा स्वतःचं मत न लादता परस्परविरोधी मतं मांडायला सांगतो. माझी मागणी त्याच्या एका इंचही पुढे नाही. राहिला तुमचा चौथा मुद्दा, श्रद्धाळूंना उत्तर द्यायला कोण बोलावणार. तो तपशिलाचा भाग आहे, निर्माते बघतील. त्यात मला पडायचं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त त्या शेवटच्या वाक्याखाली तेरा जणांनी अंगठे दिले आहेत, ते मी मोजले आहेत. पुढच्या वेळी मुद्द्यावर लिहा, माझ्या घरात शिरू नका.