‘काँटेस्ट टाका, शंभर लोगो मिळवा’ या मेसेजला माझं उत्तर

आमच्या बचत गटांच्या आणि छोट्या उद्योजकांच्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. लोगोसाठी डिझायनरला पैसे घालवू नका, ऑनलाइन काँटेस्ट टाका, म्हणजे साइटवर बक्षीस लावून बऱ्याच डिझायनरकडून लोगो मागवा, पाच-सात हजारात शंभर लोगो येतील, नाही आवडले तर पैसे परत, जिंकलेला लोगो कायमचा तुमचा, आणि नाइकीचा लोगो तरी कुठे महाग होता, ३५ डॉलर, स्वच्छ भारतचा पण स्पर्धेतूनच आला. मी सांगलीत डीटीपी आणि पाउच-लेबलचं काम करते, असे लोगो पेनड्राइव्हमध्ये घेऊन आलेल्या बायका माझ्यासमोर बसतात म्हणून हे लिहितेय.

नाइकीचं आधी बोलू. ३५ डॉलर खरेच, १९७१ साली, पण ती काँटेस्ट नव्हती. कॅरोलिन डेव्हिडसन नावाची पोर्टलंडची विद्यार्थिनी तासाला २ डॉलरने कंपनीचं काम करायची, तिनेच बरीच स्केचेस करून दाखवली आणि कंपनीने त्यातलं एक निवडलं. आणि १९८३ मध्ये कंपनीने तिला शेअर्स पण दिले, ते मेसेजमध्ये नाहीये.

स्वच्छ भारतचा चष्म्याचा लोगो आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचा, २०१४ चा, मला त्याचा फार अभिमान आहे. पण ते काही सहज गंमत म्हणून भाग घेतलेले नव्हते, त्यांची स्वतःची जाहिरात एजन्सी होती, आणि बक्षीस ५० हजार होतं. रुपयाचं चिन्ह घ्या, २०१० मध्ये निवडलं, डी. उदय कुमार आयआयटी मुंबईत डिझाइनमध्ये पीएचडी करत होते, बक्षीस अडीच लाख. म्हणजे स्पर्धेतून चांगलं काम येतं, मी नाही म्हणतच नाही, पण तिथे निवडणारी समिती होती आणि बक्षीसही त्या तोडीचं होतं. आपल्याकडे रात्री जेवण झाल्यावर घरचे चौघं मोबाइलवर बघून ठरवतात.

‘शंभर लोगो येतील’ – येतात, पण पैसे एकालाच मिळतात ना. बाकीच्या नव्याण्णव जणांचं काम फुकट जातं, मग ते तरी किती वेळ देणार, आधीच्या काँटेस्टमध्ये न निवडलेलं पानाचं नाहीतर चमच्याचं चित्र उचलतात आणि तुमचं नाव खाली टाकतात. तेच पान दुसऱ्या कोणाच्या पुडीवर असेल तर चिन्ह चोरल्याची नोटीस तुम्हाला येते, त्या डिझायनरला नाही. आणि ‘पैसे परत’ ही सोय बऱ्याच साइटवर तुम्ही फायनल राउंडला जाईपर्यंतच असते, नाहीतर ‘विजेता नक्की निवडणार’ असं टिक केलं की संपली, आणि ते टिक केल्याशिवाय चांगले डिझायनर फिरकत नाहीत.

माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ देवनागरीचा आहे. मसाल्याचा धंदा करणारी एक ताई आली होती, लोगो परदेशातल्या कोणीतरी केलेला, दिसायला छान, पण नावातला रफार मोडून र आणि व वेगवेगळे, र चा पाय मोडलेला, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीचं सेटिंग चालू नसलं की मराठी पेस्ट केल्यावर असंच होतं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला चूक दिसणार कशी. ताईंनी घाईत बघितलंच नाही, दोन हजार पाउच छापून झाले होते. आम्ही दोघी तीन संध्याकाळी त्यावर स्टिकर चिकटवत बसलो. फाइल पण नुसती पीएनजी, म्हणजे फोटोसारखी, मोठी केली की कडा फाटतात, फ्लेक्सवाला सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची फाइल मागतो, मग सगळं परत काढायला लागलं आणि त्याचे पैसे वेगळेच.

‘कायमचा तुमचा’ हे तर कागदावर अवलंबून आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क तुमच्या नावावर यायला लेखी आणि सही केलेला कागद लागतो, मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरतात आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरतं. चांगल्या साइटवर करार असतो, तो डाउनलोड करून ठेवा. ट्रेडमार्क, म्हणजे नाव-चिन्हाची सरकारी नोंदणी, वेगळाच, मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये, व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाने ऑनलाइन भरले तर, आणि आधी तसं नाव-चिन्ह कोणाचं आहे का ते सरकारी साइटवर फुकट शोधता येतं.

काँटेस्टच्या तेवढ्याच पैशात गावातल्या एखाद्या अक्षरं चांगली काढणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून दोन रंगात नुसतं नाव छान काढून घ्या असं मी सांगेन, समोर बसून चार वेळा बदलता तरी येतं. तरी काँटेस्टच टाकायची असेल तर ब्रीफमध्ये, म्हणजे काय हवंय ते लिहून देता त्यात, नाव देवनागरीत कसं दिसतं त्याचा हाताने लिहिलेला फोटो टाका, ५० ग्रॅमच्या पुडीचा फोटो टाका, काळ्या-पांढऱ्यात पण मागा, व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी, मागा, आणि रोज प्रत्येकाला काय पटलं काय नाही ते कळवा, त्या पोरांचा वेळ आहे तो. ब्रीफ लिहिताना कोणाला अडलं तर मला पाठवा, मी बघून देईन, त्याचे पैसे नको.