एडमंड राइसचा बाप कोण? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. खाली चार ओळींत उत्तर देण्यासारखी ती नव्हती, म्हणून स्वतंत्र लिहिते आहे. आधीचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एडमंड राइस हा १६३८ च्या सुमारास इंग्लंडमधून मॅसॅच्युसेट्सला आलेला शेतकरी, माझ्या सासूबाईंच्या माहेरचा इथला मूळ पुरुष. त्याचा माग मी कागदोपत्री काढला आणि शेवटी लिहिलं की त्याच्या आईवडिलांची नावं माहीत नाहीत.

त्यावर काकांचं म्हणणं असं. इंटरनेटवरच्या असंख्य वंशवृक्षांत त्याचा बाप, आजा आणि पार वेल्सचं सरदार घराणं दिलेलं असताना ‘माहीत नाही’ म्हणणं हा शुद्ध आळस आहे. लेखात तारखांचा घोळ आहे, एका मुलाचा बाप्तिस्मा एकदा १६३७ चा, एकदा १६३८ चा. ‘शेतकरी होता’ म्हणून मोकळं होता येत नाही, जमीन कुणाची आणि कशी मिळाली ते सांगा. महसूल खात्यात हयात घालवलेल्या माणसाला एवढ्यावर गप्प बसवता येणार नाही. आणि मराठी मुलीने इंग्रजाच्या कुळाचे गोडवे कशाला गावेत?

सरदार घराण्यापासून सुरुवात करते, तिथेच तुमचा आवाज सगळ्यात चढला आहे. वेल्समधल्या ज्या घराण्याशी एडमंडला जोडतात त्यातल्या रिस ऐप ग्रिफिथ नावाच्या तरुण सरदाराचं डोकं आठव्या हेन्रीने १५३१ मध्ये उडवलं. त्याची बायको कॅथरिन हॉवर्ड. (पुढे हेन्रीची राणी झालेली कॅथरिन हॉवर्ड वेगळी. तिचंही डोकं उडालंच.) घराणं खरं, माणसं खरी. प्रश्न एवढाच की आपला शेतकरी त्यांचा कोण? हे नातं सांगणारं पुस्तक छापलं गेलं १९११ मध्ये. एडमंड वारला १६६३ मध्ये. मधल्या अडीचशे वर्षांचा पूल कोणत्या कागदावर उभा आहे हे मेरी लव्हरिंग होल्मन या वंशावळीच्या अभ्यासक बाईंनी १९३० च्या दशकात तपासलं, आणि खाली काहीच सापडलं नाही. तरी ती वंशावळ आजही फिरते आहे, कारण वंशवृक्षाच्या साइटवर एकाचं झाड दुसऱ्याने उचलायला एक क्लिक पुरतो. शंभर झाडांत तेच नाव दिसलं म्हणजे शंभर साक्षीदार झाले असं नाही. साक्षीदार एकच, आणि तोही उलटतपासणीत टिकलेला नाही.

त्या काळात अमेरिकेत अशी सोय पैसे मोजून मिळायची. गुस्ताव्ह अँजू नावाचा एक गृहस्थ श्रीमंत अमेरिकनांना हवी तशी वंशावळ करून द्यायचा. खऱ्या कागदांमध्ये बेमालूम खोटे कागद मिसळून. त्याची कामं आजही ग्रंथालयांतून सापडतात, आणि नवखा माणूस ती भक्तिभावाने उतरवून घेतो.

तुम्ही त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीचा दाखला दिलात: ‘तिथे सात पिढ्या मिळतात, तिथे पुरावा मागतेस का?’ नाही मागत, कारण ती वही हाच पुरावा आहे. आपला पणजोबा स्वतः तिथे गेला, बापाचं, आज्याचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगितलं, खाली सही केली. एडमंडच्या बाबतीत मी ज्यावर विसंबले ते कागदही त्याच जातीचे. १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही सुरू झाली. अशाच एका वहीत, सफोक परगण्यातल्या बरी सेंट एडमंड्स गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये, १५ ऑक्टोबर १६१८ रोजी एडमंड राइस आणि थॉमसिन फ्रॉस्ट यांच्या लग्नाची नोंद आहे. थॉमसिनचे आईवडील सापडतात, तिचं गाव स्टॅनस्टेड सापडतं. मुलांचे बाप्तिस्मे आधी स्टॅनस्टेडला, मग हर्टफर्डशरमधल्या बर्कहॅमस्टेडला. एडमंडचा स्वतःचा बाप्तिस्मा मात्र हाती लागत नाही. वय कळतं ते त्याच्याच तोंडून: १६५६ मध्ये कोर्टात जबानी देताना त्याने आपलं वय सुमारे ६२ सांगितलं, म्हणून जन्म १५९४ च्या आसपास धरायचा. लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव लिहायची तेव्हा पद्धत नव्हती. ती असती तर तुमचा-माझा वादच झाला नसता.

डीएनएचंही तुम्ही विचारलंत. एडमंडच्या वेगवेगळ्या मुलांच्या आजच्या पुरुष वंशजांची वाय गुणसूत्रं (ही बापाकडून फक्त मुलाकडे जातात) एकमेकांशी ताडून त्याचं स्वतःचं कसं असावं हे बरंचसं ठरवता आलं आहे. त्यातून आज कोण त्याचा वंशज नाही हे कळतं. बापाचं नाव गुणसूत्रावर लिहिलेलं नसतं.

आता तारखा. इथे घोळ माझा नाही, इंग्रजांच्या कॅलेंडरचा आहे. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे १३ मार्चला झालेला एडमंडच्या मुलाचा, जोसेफचा बाप्तिस्मा तिथल्या वहीत १६३७ चा आणि आपल्या हिशेबाने १६३८ चा. आपला पाडवा चैत्रात आणि गुजराती व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीला, तसंच हे. म्हणून अभ्यासक १६३७/३८ असं जोडून लिहितात आणि मीही तसंच लिहिलं होतं. याचा फरक पडतो कुठे ते सांगते. बर्कहॅमस्टेडमधली ही या कुटुंबाची शेवटची खूण. ती १६३७ ची समजली की पुढच्या नोंदीपर्यंत एक वर्ष रिकामं राहतं, आणि रिकामी जागा दिसली की लोक तिथे जहाज आणून उभं करतात. बहुतेक झाडांत ‘कॉन्फिडन्स’ हे जहाज असतं. १६३८ च्या त्या जहाजाची यादी उपलब्ध आहे. एडमंड पुढे जिथे राहिला ते मॅसॅच्युसेट्समधलं सडबरी गाव वसवणारे नॉइस, बेंट, हेन्स, गुडनाऊ तिच्यात आहेत. राइस नाही. तो दुसऱ्या कुठल्या तरी जहाजाने आला, एवढंच म्हणता येतं.

जमिनीचा मुद्दा मात्र तुम्ही बरोबर पकडलात. तो आधीच्या लेखात मी आटोपता घेतला, कारण त्याला स्वतःची जागा हवी होती.

सडबरी वसली ती नदीकाठच्या कुरणांसाठी. हिवाळ्यात इथे चार महिने जमीन बर्फाखाली. गुरं जगवायची तर वाळलेलं गवत हवं, आणि जंगल तोडून कुरण करायला वर्षं जातात. नदीच्या पुराने आपोआप झालेली कुरणं म्हणजे आयता चारा. गावाने माणशी जमीन वाटताना कुरणाचा वाटा आधी ठरवला आणि सार्वजनिक रानात किती गुरं सोडायची हे त्या वाट्यावरून. तुमच्या ओळखीची भांडणं इथूनच सुरू होतात. एडमंडचं पहिलं घर ज्या भागात होतं त्याला आज वेलँड म्हणतात.

त्याच्या शेतकरीपणाचा सगळ्यात बोलका कागद मात्र मालकीचा नाही, खंडाचा आहे. १६४७ मध्ये हार्वर्डचे पहिले अध्यक्ष हेन्री डन्स्टर यांनी एक शेत त्याला दहा वर्षांच्या कराराने दिलं. शेत डन्स्टरांचं नव्हे, त्यांच्या सावत्र मुलांचं. (मुलांचे वडील जोझ ग्लोव्हर वसाहतीतला पहिला छापखाना घेऊन येताना १६३८ मध्ये समुद्रातच वारले, विधवा बाईंशी पुढे डन्स्टरांनी लग्न केलं.) करारात खंडकऱ्याने काय बांधून द्यायचं ते फुटांत लिहिलंय. घर ३० फूट लांब, १६ फूट रुंद, खोल्या दोन. दारं नीट टांगलेली, त्यांना कुलूप नाहीतर अडसर, खिडक्यांना काच, पायाखाली फळ्या, आणि वरचा माळा धान्य साठवता येईल असा पक्का. धान्याचं कोठार ५० फूट लांब आणि त्याच्या दोन दारांच्या मध्ये मळणीचं खळं. घर तीस फुटी आणि कोठार पन्नास फुटी, यावरून मालकाचा जीव कशात होता ते कळतं. हा कागद वाचला तेव्हा मला त्या माणसाचा बाप कोण याची उत्सुकता निम्मी राहिली, खरं सांगते.

करार संपायच्या सुमारास, १६५६ मध्ये, सडबरीच्या १३ जणांनी सरकारकडे नव्या जमिनीसाठी अर्ज केला. त्यात एडमंडचं नाव आहे आणि त्याचे हेन्री व एडवर्ड हे दोन मुलगेही आहेत. अर्जातली कारणं तुम्ही फाइलींत शेकडो वेळा वाचली असतील: देवाच्या दयेने मुलं वाढली, कर्ती झाली, आम्ही म्हाताऱ्यांनी डोळे मिटण्याआधी त्यांचं बस्तान बसलेलं पाहावं, गुरंही वाढली, आता गावात मावत नाही. आठ मैल लांब, आठ मैल रुंद जागा मागितली, सहा बाय सहा मैलांची मंजूर झाली. त्याचं मार्लबरो गाव झालं.

आणि ही जमीन कुणाची? सडबरीच्या दक्षिणेकडचा एक मोठा तुकडा १६४८ मध्ये केटो नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशाने विकला. इंग्रज त्याला गुडमन म्हणायचे. किंमत पाच पौंड, तीही माल आणि शिंपल्यांच्या मण्यांच्या रूपात. त्याच्या नावाची टेकडी सडबरीत आजही आहे. मार्लबरोची गोष्ट याहून वाईट. तिथल्या ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांसाठी जॉन इलियट या धर्मोपदेशकाने १६५४ मध्येच जमीन मंजूर करून घेतली होती. दोन वर्षांनी सडबरीकरांनी जे मागितलं, त्याच्या ऐन मध्यावर या लोकांचं वहिवाटीचं शेत होतं. दोन्ही मंजुऱ्या एकाच सरकारच्या. पुढे १६७५-७६ मध्ये इंग्रज आणि मूळ रहिवासी यांच्यात युद्ध पेटलं, तेव्हा ज्यांचा हल्ल्यांत हात नव्हता त्या शेजाऱ्यांना संशयावरून बांधून बोस्टनला नेलं. नंतर मार्लबरोवरही हल्ला झाला. १६८४ मध्ये त्यांच्या उरलेल्या जमिनीचं एक खरेदीखत झालं. सरकारने ते बेकायदा ठरवलं. जमीन मात्र परत गेली नाही. एडमंड तेव्हा हयात नव्हता, पण त्याची मुलंनातवंडं त्याच गावात होती. लेखात त्याला मी ‘कष्टाळू’ म्हटलं ते मागे घेत नाही. कष्टाळू माणूस दुसऱ्याच्या जमिनीवरही कष्टच करतो.

राहिला इंग्रजाचे गोडवे गाण्याचा आरोप. काका, हे माझ्या सासरचं कूळ आहे. सासरच्या कुळाची माहिती सुनेने लिहिली तर आपल्याकडे कौतुक व्हायला हवं! शिवाय बारा पिढ्या मागे गेलं की एका माणसाचे पूर्वज ४०९६ होतात; माझ्या मुलांच्या बाबतीत त्यातले निम्मे सातारा-वाईकडचे. एडमंड त्या गर्दीतला एक. तो हाती लागला इतकंच, कारण त्याच्या मागे कागद राहिले.

आणि ‘इंग्रजाचं कूळ’ हेही तितकंसं खरं नाही. ८ ऑगस्ट १७०४ ला मार्लबरोच्या पश्चिमेला, आज वेस्टबरो आहे तिथे, शेतातून राइस घराण्याची चार मुलं पळवून नेली गेली आणि पाचवं, सगळ्यात धाकटं, जागीच मारलं गेलं. सगळी एडमंडची पणतवंडं. पळवलेली मुलं कॅनडात काहनावाकेला, मोहॉक या मूळ रहिवासी जमातीच्या वस्तीत पोहोचली. अ‍ॅशर हा एकटा बापाने सोडवून परत आणला. सायलस आणि टिमथी मोहॉक झाले, तिथेच त्यांचे संसार झाले. टिमथी त्यांचा पुढारी झाला आणि १७४० मध्ये वेस्टबरोला येऊन गेला. सोबत दुभाषी आणावा लागला, कारण इंग्रजी तो साफ विसरला होता. पण लहानपणचं घर, जिथून पळवून नेलं ती जागा आणि गावातली काही म्हातारी माणसं त्याने ओळखली. राइस आडनावाची मोहॉक माणसं काहनावाकेत आजही आहेत. हे सगळं सोडून मी १९११ च्या पुस्तकातल्या सरदाराच्या मागे का लागू?

शेवटी तुम्ही पुतणीच्या अमेरिकन जावयासाठी विचारलंत की सुरुवात कुठून करावी. आजपासून मागे जायचं, वरून खाली यायचं नाही. प्रत्येक पायरीला एक तरी असा कागद हवा जो त्या माणसाच्या हयातीत लिहिला गेला. शेतकरी असेल तर चर्चच्या वहीइतकंच खरेदीखत, मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी बघायची. तिथे मुली-जावयांची नावं मिळतात. तयार झाडात आई नऊ वर्षांची असताना मूल झालेलं किंवा बाप मेल्यावर चार वर्षांनी झालेलं दिसलं, तर ते झाड तिथेच बंद करायचं. आणि कुणी आडनावाचं मानचिन्ह (कोट ऑफ आर्म्स) फ्रेम करून विकत असेल तर घेऊ देऊ नका. इंग्लंडमध्ये मानचिन्ह आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळतं. त्याचा पूर्वज न्यू इंग्लंडचा निघाला तर बोस्टनला न्यूबरी स्ट्रीटवर १८४५ पासूनची वंशेतिहासाची संस्था आहे. १६२० ते १६४० मध्ये आलेल्या सुमारे २०,००० माणसांपैकी बऱ्याच जणांवर त्यांनी फार बारकाईने काम केलंय. जावयाचं आडनाव आणि ओहायोतली काउंटी मला मेलवर कळवा, तिथल्या जमिनीच्या नोंदींचं मी बघते.