बोर्ड एक, नियम दोन

जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्या टीमचा बोर्ड एकच आहे. त्यावरची अर्धी नावं स्टुटगार्टमधली, अर्धी हिंजवडीतली. टिकेट, म्हणजे नोंदवलेलं एक काम, कुणाकडे आहे, किती दिवस पडून आहे, बंद करून कितीदा पुन्हा उघडलं, हे सगळ्यांचं सारखंच दिसतं. या बोर्डला आणि आमच्या कॉन्फ्लुअन्सला, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत माहितीच्या विकीला, एआय सहाय्यक जोडला गेला, तेव्हा मात्र दोन्हीकडच्या माणसांत फरक पडला. स्टुटगार्टमधल्या माणसाच्या कामाबद्दल सहाय्यकाला काय विचारायचं आणि काय नाही, याचा लेखी करार आहे. हिंजवडीतल्या माणसासाठी तसं काहीच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. पुण्यात एआयवर रोज इतकी चर्चा होते, पण तिच्यात हा मुद्दा माझ्या कानावर कधी आला नाही.

आधी ही जोडणी म्हणजे काय ते सांगते. पूर्वी आपण जेवढा मजकूर चिकटवू तेवढाच सहाय्यक वाचायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, सगळ्यांसाठी खुला केला. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधली माहिती सहाय्यकाने कशी मागायची आणि तिथे बदल कसे करायचे, याची ती सामाईक पद्धत. पुढच्या मार्चमध्ये ओपनएआयने ती स्वीकारली, आणि मे २०२५ मध्ये जिरा-कॉन्फ्लुअन्स बनवणाऱ्या अ‍ॅटलासियनने स्वतःचा एमसीपी सर्व्हर जाहीर केला. आता "पेमेंटचं काम या स्प्रिंटमध्ये (कामाच्या चालू टप्प्यात) कुठे अडलंय?" असं साध्या भाषेत विचारलं, की सहाय्यक टिकेटं चाळतो, विकीची पानं वाचतो आणि उत्तर देतो. सांगितलं तर नवं टिकेटही टाकतो.

यावर नेहमी एक खुलासा मिळतो: विचारणाऱ्याला जेवढं बघायची परवानगी आहे, तेवढंच सहाय्यकाला दिसतं. हे खरं आहे. पण ज्यांनी मोठ्या कंपनीचा विकी वापरलाय त्यांना माहीत आहे की तिथली कितीतरी पानं सगळ्यांना उघडी असतात, कारण ती बंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलेलं नसतं. जुन्या पुनर्रचनेचा आराखडा, एखाद्या क्लायंटबद्दल चिडून लिहिलेल्या नोंदी, चाचणीच्या सर्व्हरचा पासवर्ड, असं बरंच काही तिथे असतं. परवानगी होती, वाट ठाऊक नव्हती. आता एका प्रश्नात ते पान समोर येतं. बाहेरून येणाऱ्या मजकुराचा धोका वेगळाच. जून २०२५ मध्ये केटो नेटवर्क्सच्या सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं, की बाहेरच्या कुणी मदतीच्या टिकेटमध्ये लपवून सूचना लिहिली आणि आतल्या कर्मचाऱ्याने ते टिकेट सहाय्यकाकडून हाताळून घेतलं, तर सहाय्यक ती सूचना आतल्या माणसाच्या अधिकारात पाळू शकतो.

तरीही मी या जोडणीच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण हिंजवडीतच आहे. आमच्या विकीवरची सगळ्यात मोलाची पानं जर्मनमध्ये आहेत. बिलिंगचा अमुक नियम असा का केला, तमुक ग्राहकाला अपवाद का दिला, हे त्या पानांत दडलेलं. पुण्यातली एखादी मुलगी सकाळी साडेनऊला कामाला बसते तेव्हा इथे जर्मनीत पहाटेचे पाच-सहा वाजलेले असतात. पानाचा अर्थ विचारायला तिला इथला माणूस उठून लॅपटॉप उघडेपर्यंत थांबावं लागायचं. तो सांगेल तेवढंच तिला कळायचं, आणि वर "ऑफशोरचे लोक पुढाकार घेत नाहीत" हे ऐकायलाही तिलाच लागायचं. आता ती सहाय्यकाला विचारते, मूळ पानाची लिंक मिळवते, आणि स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला, येते तेव्हा तिच्याकडे प्रस्ताव असतो. ऑनसाइटच्या, म्हणजे इथल्या, माणसाची मक्तेदारी यामुळे सैल झाली. वर्षानुवर्षं जे कॉलवर बोलले नव्हते ते लोक आता डिझाइनवर वाद घालतात. मला याचा मनापासून आनंद आहे. (सहाय्यक कालबाह्य पानावरूनही तितक्याच ठामपणे उत्तर देतो, म्हणून लिंक उघडून तारीख बघायची शिस्त हवीच.)

पण जो सहाय्यक पेमेंटचं काम कुठे अडलंय ते सांगतो, तोच "या टीममध्ये सगळ्यात संथ कोण?" याचंही उत्तर देऊ शकतो. हे उत्तर अर्धवट असतं, कारण टिकेटमध्ये कामाचा फक्त एक भाग उमटतो. दुसऱ्याच्या अडलेल्या कोडसाठी तासभर कॉलवर बसलेली व्यक्ती, नव्या मुलाला केटी देणारी, म्हणजे काम समजावून देणारी व्यक्ती, रिव्ह्यूमध्ये मोठी चूक थांबवणारी व्यक्ती, या सगळ्यांची टिकेटं उशिराच बंद होतात. पूर्वीही मॅनेजरला हे आकडे काढता यायचे, पण त्यासाठी एक्सेलमध्ये बसावं लागायचं, आणि बसता बसता चार माणसांशी बोलणं व्हायचं. आता अप्रेझलच्या आदल्या संध्याकाळी एक वाक्य टाइप केलं की नीटनेटका, खात्रीशीर वाटणारा परिच्छेद तयार. रेटिंगच्या बैठकीत तो कुणी वाचून दाखवला, तर त्याला उत्तर देणार कोण?

जर्मनीत या प्रश्नाचं उत्तर एआयच्या कितीतरी आधीपासून कायद्यात आहे. पाच कर्मचारी असलेल्या आस्थापनेतही कामगार आपली निवडून दिलेली समिती स्थापन करू शकतात. तिला इथे बेट्रिब्सराट म्हणतात. १९७२ च्या कायद्याच्या कलम ८७ नुसार, कर्मचाऱ्यांच्या वर्तनावर किंवा कामगिरीवर देखरेख करू शकणारं कोणतंही तांत्रिक साधन या समितीच्या संमतीशिवाय आणता येत नाही. मालकाचा हेतू देखरेखीचा नसला तरी चालत नाही; साधनात ती क्षमता असणं पुरेसं आहे, असाच अर्थ इथली न्यायालयं लावत आली आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कामात एआय आणताना समितीला मालकाच्या खर्चाने तज्ज्ञही नेमता येतो.

जानेवारी २०२४ मध्ये हॅम्बुर्गच्या कामगार न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. कर्मचारी खासगी खात्यांवरून ब्राउझरमध्ये चॅटजीपीटी वापरत होते, आणि समितीला ते थांबवायचं होतं. न्यायालयाने नकार दिला, कारण त्या वापराची माहिती मालकाच्या हाती लागतच नव्हती. आमचं प्रकरण याच्या नेमकं उलट. सहाय्यक कंपनीचा, जिरा कंपनीचा, नोंदी कंपनीकडे. जोडणी झाली की प्रश्नच बदलतो.

आमच्याकडे वाटाघाटी लांबल्या. बैठकांमागून बैठका झाल्या, कायदा विभागाच्या फेऱ्या झाल्या, आणि पुण्यातले सहकारी "तुमचं अजून ठरलं नाही का?" असं विचारत राहिले. त्यांचा वैताग मला समजत होता, माझाही होत होता. शेवटी जे ठरलं ते मात्र स्पष्ट आहे. एका व्यक्तीच्या कामाचं मूल्यमापन सहाय्यकाकडून मागायचं नाही. कुणी काय विचारलं याच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर पुसायच्या आणि त्या अप्रेझलमध्ये वापरायच्या नाहीत. सहाय्यकाने टिकेटमध्ये बदल करण्यापूर्वी माणसाने होकार द्यायचा. याचा परिणाम मला दिसतो: इथले लोक टिकेटमध्ये "मला हे समजलं नाही, दोन दिवस वाया गेले" असं सरळ लिहितात. असं लिहिलं जातं म्हणून सहाय्यकालाही खरी माहिती मिळते. ज्यांना आपलं वाक्य आपल्यावर उलटेल अशी भीती आहे, ते टिकेटची भाषा गुळगुळीत करतात, मोठ्या कामाचे बारीक तुकडे पाडून झटपट बंद करतात, आणि बोर्ड खोटा होत जातो.

पुण्यातल्या चर्चेचा सूर वेगळा असतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास लोक कमी करण्याचं जाहीर केलं. कंपनीने कारण एआय असल्याचं नाकारलं, तरी पुढचे अनेक महिने माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर विषय तोच होता: कुणाची नोकरी जाणार, फ्रेशरची भरती होणार का, बेंचवरच्यांचं, म्हणजे सध्या प्रोजेक्ट नसलेल्यांचं, काय. ही चिंता खरी आहे. घराचे हप्ते चालू असलेल्या माणसाला ती क्षुल्लक आहे असं मी इथून सांगणार नाही. दुसरा सूर असा, की युरोप नियमांत रुतलाय, आपण वेगाने पुढे जाऊ. त्यातही तथ्य आहे. आमच्या टीममध्ये सहाय्यकाचा सगळ्यात कल्पक वापर हिंजवडीतले लोक करतात, आणि इथल्या कित्येकांना तो त्यांनीच शिकवला. पण नोकरी राहील की जाईल या प्रश्नाइतकाच, नोकरी टिकलेल्याला रोज कोण मोजतंय आणि कशाच्या आधारे, हाही प्रश्न आहे. रेटिंगवरूनच पुढे कोण बेंचवर जाणार ते ठरत असेल, तर हे दोन प्रश्न वेगळे राहतच नाहीत.

भारतातला नवा वैयक्तिक माहितीचा कायदा इथे फारसा कामाला येत नाही. २०२३ च्या कायद्यातलं कलम ७ नोकरीच्या कारणांसाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरायला वाव देतं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार आहेत. मात्र मालक आणि कामगार यांची समसमान समिती ही कल्पना आपल्याला परकी नाही. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत अशी समिती नेमण्याची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही ती आहे. तिचे अधिकार सल्ल्यापुरतेच, आणि आयटीत अनेकांना "कामगार" या व्याख्येबाहेर ढकललं जातं. तरी "जोडणीआधी आम्हाला विचारा" असं म्हणायला निदान हा आधार आहे.

आणखी एक आधार हिंजवडीत फार कमी जणांना ठाऊक असतो. युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा माणसाचं नागरिकत्व किंवा पत्ता बघत नाही. जिरा जर्मन कंपनीचा असेल आणि ती स्वतःच्या कामासाठी त्यातली माहिती वापरत असेल, तर पुण्यात बसलेल्या इंजिनिअरच्या नावाची टिकेटंही त्या कायद्याखाली येतात. माझ्याबद्दल कोणती माहिती ठेवली आहे, कशासाठी वापरता, असं तो त्या कंपनीला लेखी विचारू शकतो, आणि साधारणपणे महिन्याभरात उत्तर देणं तिच्यावर बंधनकारक असतं. पुण्यातल्या कंत्राटदार कंपनीने तीच माहिती उतरवून घेऊन स्वतःच्या रेटिंगसाठी वापरली, तर मात्र हे संरक्षण तिथे पोहोचेलच असं नाही. म्हणून आमच्या समितीपुढे मी मागणी ठेवली आहे, की कंत्राटदारांशी होणाऱ्या करारातच कलम घालावं: या बोर्डवरच्या कुठल्याही नावाचं मूल्यमापन सहाय्यकाकडून करून घ्यायचं नाही, मग ते नाव कुठल्याही शहरातलं असो. समितीतले काही जण म्हणतात, आम्ही इथल्या कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी, पुण्याबद्दल बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही. कायद्याने ते बरोबर आहेत. पण करार कंपनीच करते, आणि अटी घालायला तिला कुणी अडवलेलं नाही. पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा येईल. त्याआधी हिंजवडीतल्या सहकाऱ्यांनी हीच मागणी त्यांच्या बाजूने, स्वतःच्या सह्यांनिशी पाठवली, तर माझ्या एकटीच्या बोलण्यापेक्षा तिचं वजन कितीतरी जास्त असेल.