‘एआयने करा, ओळखीच्याला दाखवा’: स्पॅनिश भाषांतराबद्दलच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

स्पॅनिश बोलणाऱ्या बाजारात उतरू पाहणाऱ्या व्यावसायिकांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. भाषांतर-संस्थेवर पैसे घालवू नका. इंग्रजी मजकूर एआयकडून स्पॅनिशमध्ये करून घ्या, स्पॅनिश येणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याच्या नजरेखालून घाला, उलट भाषांतर करून, म्हणजे स्पॅनिश पुन्हा इंग्रजीत फिरवून, ताळा बघा. स्पॅनिश सगळीकडे एकच. संस्था घ्यायचीच झाली, तर शब्दाला सगळ्यात कमी दर सांगेल ती घ्या, आणि सरकारी कामाच्या भाषांतरावर शिक्का कुणाचाही चालतो. यातला एकेक दावा घेऊ.

‘स्पॅनिश सगळीकडे एकच.’ व्याकरण आणि शुद्धलेखन बहुतांशी सामायिक आहे, हे खरं. पण धंद्याचे कागद अडतात ते आकड्यांवर. स्पेनच्या व्यवहारात दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. मेक्सिकोत याच्या बरोबर उलट. दरपत्रकात ‘1.500’ छापलं, तर माद्रिदचा ग्राहक दीड हजार वाचेल आणि मेक्सिको सिटीचा दीड. इंग्रजी ‘बिलियन’ म्हणजे शंभर कोटी. त्याच्यासारखाच दिसणारा स्पॅनिश ‘बियोन’ म्हणजे एक लाख कोटी. हजार पटींची चूक, आणि वाक्य मात्र निर्दोष. शब्दांचंही तसंच. संगणकाला स्पेनमध्ये ‘ऑर्देनादोर’, मेक्सिकोत ‘कोम्पुतादोरा’. ‘कोखेर’ म्हणजे घेणं, पकडणं. स्पेनमध्ये हे रोजचं क्रियापद, मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘वोस’ चालतं, त्यामुळे आज्ञार्थी रूपंही बदलतात, म्हणजे ॲपमधलं जवळपास प्रत्येक बटण. ‘तटस्थ स्पॅनिश’ नावाचा मधला मार्ग आहे आणि यंत्राच्या माहितीपुस्तिकेला तो पुरतो. जाहिरातीत तो बेचव लागतो. म्हणून काम देताना नुसतं ‘स्पॅनिश’ लिहू नका, देश लिहा. ‘कोणत्या देशासाठी?’ हा प्रश्न ज्या संस्थेकडून पहिल्याच बोलण्यात येत नाही, तिच्यापासून सावध राहिलेलं बरं.

‘एआय पुरेसं आहे.’ आलेल्या ईमेलचा आशय कळायला, ग्राहकांचे अभिप्राय चाळायला पुरेसं आहे, यात वाद नाही. छापायच्या मजकुरात अडचण येते ती संदर्भ तुटतो तिथे. वेबसाइटचा मजकूर यंत्राकडे जातो तो तुकड्यातुकड्यांनी. एकट्या ‘सेव्ह’चं काय करायचं? फाइल जतन करायची तर ‘ग्वार्दार’, पैसे वाचवायचे तर ‘आओर्रार’. ‘फ्री’ म्हणजे फुकट असेल तर ‘ग्रातिस’, मोकळं असेल तर ‘लिब्रे’. एका पानावर ग्राहकाला ‘तू’ आणि पुढच्या पानावर आदरार्थी ‘उस्तेद’, हेही नेहमीचं. औषधाच्या लेबलावर इंग्रजी ‘वन्स’ चुकून तसाच राहिला, तर अधिकच भयंकर: तीच अक्षरं स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’ वाचली जातात, म्हणजे अकरा. दिवसातून एकदा घ्यायची गोळी अकरा वेळा होते. यंत्राच्या मसुद्यावर माणसाने पूर्ण संपादन करण्याची पद्धत आहे, तिच्यासाठी आयएसओ 18587 हे स्वतंत्र मानक आहे. ती सेवा जरूर घ्या, पण मिळणार आहे ती हीच सेवा, असं दरपत्रकात लिहून घ्या.

‘स्पॅनिश येणारा सहकारी बघेल.’ या सल्ल्यात सगळ्यात घातक भाग हाच. नजरेखालून घालणारा माणूस फक्त स्पॅनिश वाचतो. मूळ वाक्यातला ‘नाही’ गळून पडला असेल, तर उरलेलं वाक्य गुळगुळीत वाचलं जातं आणि हमीपत्राचा अर्थ उलटा होतो. ही चूक सापडते ती मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून ओळीला ओळ लावल्यावरच. आयएसओ 17100 या 2015 च्या मानकात म्हणूनच दुसऱ्या व्यक्तीने मुळाशी ताडून पाहणं सक्तीचं आहे; भाषांतरकाराने स्वतःचं काम पुन्हा वाचलं, एवढ्यावर भागत नाही. भाषांतरकाराचीही अट आहे: भाषांतराची पदवी, किंवा दुसऱ्या विषयाची पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, किंवा पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. संस्थेला थेट विचारा, आमचं काम ताडून कोण पाहणार, आणि त्याची मातृभाषा कोणत्या देशातली स्पॅनिश?

‘उलट भाषांतराने ताळा बसतो.’ बसतो, आणि तिथेच फसवतो. ‘परतावा इव्हेंच्युअली मिळेल’, म्हणजे अखेरीस मिळेल, याचं शब्दाला शब्द लावून ‘एव्हेन्त्वाल्मेन्ते’ झालं. उलट फिरवलं की पुन्हा ‘इव्हेंच्युअली’ मिळू शकतं आणि सगळं ठीक वाटतं. स्पॅनिश ग्राहकाने मात्र वाचलेलं असतं: परतावा कदाचित मिळेल.

‘सगळ्यात कमी दर घ्या.’ आधी दरात काय आहे ते बघा. अनुभवी भाषांतरकार दिवसाला साधारण 2,000 ते 2,500 शब्द करतो. 20,000 शब्द एकाने करायचे तर आठ-दहा दिवस, वर ताडून पाहण्याचा वेळ वेगळा. कुणी दोन दिवसांत देतो म्हणत असेल, तर एकतर मजकूर अनेकांत वाटला जाणार, म्हणजे यंत्राच्या एकाच सुट्या भागाला तीन नावं पडणार, किंवा यंत्राचा मसुदा तसाच हातात येणार. नीट दरपत्रकात नवे शब्द, आधी भाषांतर झालेल्या मजकुराशी अंशतः जुळणारे आणि हुबेहूब पुनरावृत्त असे तीन आकडे वेगळे असतात, आणि शेवटच्या दोहोंना सवलत असते. भाषांतर-स्मृती, म्हणजे तुमचं मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर जोडीने साठवलेली फाइल, तुमच्या मालकीची राहील आणि काम संपल्यावर टीएमएक्स, म्हणजे दुसऱ्या संस्थेच्या सॉफ्टवेअरलाही उघडता येणाऱ्या, स्वरूपात मिळेल, हे करारात घाला. नाहीतर संस्था बदलताना सगळं पुन्हा पहिल्यापासून. मांडणीचं काम कुणाकडे, तेही ठरवा. इंग्रजीपेक्षा स्पॅनिश मजकूर बहुतेकदा 20 ते 25 टक्के लांबतो, बटणं आणि तक्ते फुटतात. आणि छपाईत ‘न्य’ उच्चाराच्या ñ या अक्षरावरची लाट उडाली, तर ‘आन्यो’चा, म्हणजे वर्षाचा, ‘आनो’ होतो. त्याचा अर्थ गुदद्वार. ‘25 वर्षांचा अनुभव’ अशी ओळ असलेलं माहितीपत्रक छपाईला सोडण्याआधी हे एक चिन्ह डोळ्यांनी तपासा.

निवड करताना स्वतःच्या सगळ्यात अवघड मजकुरातले 250-300 शब्द पैसे देऊन करून घ्या आणि त्या देशातल्या वाचकाला दाखवा. भाषांतराआधी शंका विचारणारी संस्था चांगली. तांत्रिक मजकुराच्या 10,000 शब्दांत एकही शंका आली नाही, तर अंदाजाने काम झालंय असं धरा.

‘शिक्का कुणाचाही चालतो.’ नाही. स्पेनमध्ये अधिकृत भाषांतर करतो तो परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेला शपथबद्ध भाषांतरकार. अर्जेंटिनात नोंदणीकृत सार्वजनिक भाषांतरकार, आणि त्याची सही त्यांची व्यावसायिक संघटना प्रमाणित करते. संस्थेच्या लेटरहेडवरचं ‘प्रमाणित’ तिथे चालेलच असं नाही. म्हणून कागद ज्या कार्यालयात द्यायचा, तिथे आधी विचारा. मूळ कागदावर अपोस्टिल, म्हणजे तो परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून जोडलेला सरकारी दाखला, लागणार असेल, तर क्रमही विचारून घ्या: भाषांतर आधी उरकलं आणि अपोस्टिल नंतर लागलं, तर अपोस्टिलच्या पानाचं भाषांतर राहून जातं आणि अर्ज परत येऊ शकतो.