लाल यादीतलं दूध

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘अंगावर पित्त उठतं? पोट फुगतं? रक्ताच्या एका नमुन्यात २०० पदार्थांची ॲलर्जी कळते. यादीत जे लाल, ते कायमचं बंद करा. हातावर टोचून करायची तपासणी जुनी, दुखरी आणि धोक्याची आहे.’

माझ्या भाचीने हे वाचून सहा वर्षांच्या लेकाची तपासणी करून घेतली. दूध, गहू, तूरडाळ, शेंगदाणे, सगळं लाल. चार महिने पोराला पोळी नाही, आमटी नाही. वजन उतरलं, पित्त मात्र उठतच राहिलं. म्हणून एकेक वाक्य घेते.

‘एका नमुन्यात २०० पदार्थांची ॲलर्जी कळते.’ नाही कळत. खाल्ल्यावर मिनिटांत किंवा तास-दोन तासांत उठणाऱ्या ॲलर्जीमागे आयजीई नावाचं प्रतिपिंड (रक्तातलं संरक्षक प्रथिन, अँटीबॉडी) असतं. अशा लांबलचक याद्यांत बहुतेक वेळा मोजतात ते आयजीजी, म्हणजे दुसरंच प्रतिपिंड. आपण जे खातो त्याची शरीराला ओळख झाली, एवढीच त्याची खूण. रोज दूध पिणाऱ्याच्या रक्तात ती सापडणारच! म्हणून तर आपली रोजची पोळी आणि आमटीच लाल होते. आयजीजी-४ (आयजीजीचाच एक प्रकार) मोजून अन्नाची ॲलर्जी ठरवू नये, असं युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं आहे.

‘लाल ते बंद.’ आयजीईची योग्य तपासणी पॉझिटिव्ह आली, तरी तेवढ्यावर ॲलर्जी ठरत नाही. तो पदार्थ खाऊन त्रास होतो का, किती वेळात होतो, दर वेळी होतो का, हे डॉक्टर आधी विचारतात ते त्यासाठीच. सहा आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज उठणाऱ्या पित्तामागे अन्नाची ॲलर्जी क्वचितच असते. आणि दुधाने पोट फुगणं बहुधा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचल्यामुळे. तो प्रकारच वेगळा.

‘टोचून करायची तपासणी दुखरी, धोक्याची.’ मी भाचीसोबत गेले होते, म्हणून नीट सांगते. कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेशी एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवला आणि त्या थेंबातून बारीक टोकाने त्वचेला जरासं टोचलं. रक्त आलं नाही. तुलनेसाठी एक थेंब सलाइनचा, ज्याने फुगवटा येऊ नये, आणि एक हिस्टामिनचा, ज्याने यायलाच हवा. मग १५-२० मिनिटं हात न खाजवता बसायचं, आणि पोराला तेच सगळ्यात अवघड गेलं. फुगवटा सलाइनच्या जागेपेक्षा निदान ३ मिलिमीटर मोठा असेल तरच पॉझिटिव्ह धरतात.

सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर फुगवटा उठतच नाही. सर्दीच्या गोळ्यांतही असं औषध असतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दम्याचा पंप मात्र बंद करू नका; त्याने तपासणीत फरक पडत नाही. तीव्र प्रतिक्रिया फार विरळा, पण येऊ शकते. म्हणून अशा वेळी लागणारं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी असेल तिथेच ही तपासणी करायची. दमा आटोक्यात नसेल तर ती पुढे ढकलतात. गोळ्या थांबवता येत नसतील, तर संशय असलेल्या मोजक्या पदार्थांचं आयजीई रक्तात मोजतात.

‘जुनी’ हे तेवढं खरं. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी एकोणिसाव्या शतकात गवताचे पराग स्वतःच्याच त्वचेवर लावून पाहिले होते.

भाचीच्या लेकाला दूध, गहू आणि तूरडाळ, कशालाच फुगवटा आला नाही. शेंगदाण्याला आला. पण पथ्य सुरू होईपर्यंत तो वर्षानुवर्षं शेंगदाण्याची चटणी खात आलेला! डॉक्टरांनी दवाखान्यातच बसवून, थोडे थोडे वाढवत शेंगदाणे खायला दिले आणि नंतर बराच वेळ लक्ष ठेवलं. काही झालं नाही. पित्तासाठी आता रोजची गोळी चालू आहे, आणि ताटात पोळी परत आली आहे.